पास्कल, मुक्काम आजऱ्यापुढेच पडतो

रविवार, बारा ऑक्टोबर. जागा आमची बाहेरची खोली, वडगाव शेरी. हजर: तुझी हेलन, माझी रीटा, चर्चचे फादर आणि मी. जमलेली रक्कम चव्वेचाळीस हजार रुपये, अकरा चालणाऱ्यांची, माणशी चार हजार. विषय: जुन्या गोव्याच्या फेस्ताला, चर्चच्या जत्रेला, कोणत्या रस्त्याने चालत जायचं. गैरहजर: तू.

तू गेल्याला महिनाही झाला नव्हता. या विषयावरची एकही बैठक तू कधी चुकवली नाहीस, आणि तुझ्यामुळे एकाही बैठकीत निर्णय झाला नाही. या वेळी चहा निवायच्या आत झाला. हेलन म्हणाली, "आजऱ्यावरून जायचं," फादर म्हणाले, "देवाची इच्छा," आणि संपलं. इतकी वर्षं मी जे म्हणत होतो ते मंजूर झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी उठून पंखा बंद केला.

"अहो, उकडतंय," रीटा म्हणाली. मी परत लावला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात. मी प्रयत्न करतो, पण तू माझ्याशी चाललेला वाद अर्धवट टाकून गेलेला माणूस आहेस. शनिवारी संध्याकाळी फोनवर अर्धा तास तू मला चोर्ला घाट समजावून सांगत होतास. मी म्हणालो, त्या घाटात मुक्कामाला छप्पर कुठे आहे ते सांग. तू म्हणालास, "उद्या मिस्सानंतर सांगतो. तुझ्यासारख्या माणसाला फोनवर पटत नाही." दुसऱ्या दिवशी चर्चला मिस्सासाठी निघताना बूट घालायला खाली वाकलास तो उठलाच नाहीस. घाटातलं छप्पर राहिलं. मी ते अजून नकाशावर शोधतो. नाहीये, पास्कल. तिथे जंगल आहे.

सुरुवात तूच केली होतीस, हे नोंदवायला हवं. चर्चच्या अंगणात मिस्सानंतरचा चहा पिताना तू म्हणालास, "थॉमसराव, डिसेंबरात फेस्ताला गोव्यापर्यंत चालत जाऊ या का?" आपण साडू, मी थोरलीचा नवरा, तू धाकटीचा, 'राव' लावलंस की काहीतरी महागात पडणार हे मला लग्नापासून ठाऊक होतं.

"गाडी आहे की," मी म्हणालो.

"गाडीनं जाणारे जेवायला जातात."

मग तू सांगितलंस. आजऱ्याच्या पुढे, आंबोलीच्या रस्त्याला लागून तुमचं घर. तू लहान असताना कोल्हापूरकडचे ख्रिस्ती लोक फेस्ताला चालत निघायचे ते संध्याकाळी तुमच्या खळ्यात उतरायचे. तुझी आई त्यांना पेज आणि सुक्या मासळीची चटणी वाढायची. सकाळी ते निघाले की तू फाट्यापर्यंत त्यांच्या मागे पळत जायचास, आणि आई हाक मारून परत आणायची. "तेव्हापासून फाट्यावरच उभा आहे मी," तू म्हणालास. तुझ्या त्या एका वाक्यावर चर्चमधले दहा जण तयार झाले. तू बोलायचास चांगलं. आणि मग रस्ता ठरवायची वेळ आली तेव्हा तू, हाच तू, आजऱ्याचं नाव काढू देईनास.

रस्ते तुला पाठ होते, पण हे इतर लोकही वाचणार आहेत, म्हणून सांगतो. पहिला रस्ता माझा. साताऱ्यावरून कोल्हापूर, पुढे निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि गोवा. साडेचारशे किलोमीटरच्या आत. रस्ता रुंद, गावं ठरावीक अंतरावर, दवाखाने आहेत, कुणाचा पाय मुरगळला तर एसटी आहे. दुसरा रस्ता तुझा. वरंध घाटाने महाड, तिथून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सगळा समुद्राच्या कडेकडेने, सहाशेच्या घरात. तिसरा चोर्ल्याचा, तो तू शेवटच्या वर्षी काढलास, 'तडजोड' म्हणून. बेळगाववरून जाणारा. तडजोडीत आणि तुझ्या रस्त्यात एक गोष्ट समान होती. दोन्ही आजऱ्याला शिवत नव्हते.

कोकणच्या रस्त्याची तू केलेली वकिली मला शब्द न् शब्द आठवते. सावली आहे. वारा आहे. संध्याकाळी ताजी मासळी आहे. मी म्हणालो, "आपण प्रायश्चित्ताला निघालोय, खानावळीला नाही." तू म्हणालास, "प्रायश्चित्त करणाऱ्यानं बांगडा खाऊ नये असं कुठं लिहिलंय?" फादर हसले. फादर तुझ्या बाजूने हसले की माझा मुद्दा गेला, हे सहा वर्षं चाललं होतं.

मग मी खाड्यांचा मुद्दा काढला. तुझ्या रस्त्यावर दाभोळला खाडी, जयगडला खाडी, शेवटी तेरेखोलला. प्रत्येक ठिकाणी फेरीबोट. मी विचारलं, बोटीत बसल्यावर ते चालणं कसं?

"बसणार नाही. उभा राहीन."

"उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे."

"बरं, येरझारा घालीन. या टोकाकडून त्या टोकाकडे. तू मोजत बस."

सगळे हसले, हेलनही हसली. तूही हसलास, आणि विषय तिथेच राहिला. तुला तो राहायलाच हवा होता. ज्याला खरंच कोकणातून जायचं असतं तो माणूस बोटीचं वेळापत्रक विचारून येतो. तू सहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. मी विचारलं. माझ्या विरोधी रस्त्याचंही वेळापत्रक मलाच काढावं लागलं.

माझ्या रस्त्याची अडचण मात्र खरी होती, आणि ती मी लपवली नाही. बारा माणसं, त्यात चौघांचे गुडघे संशयास्पद. दिवसाला पंचवीसच्या वर चालवत नाही. आजरा ते आंबोली एका दिवसात होत नाही. मध्ये मुक्काम हवाच. मी कोल्हापूरपासून भागून पाहिलं, सावंतवाडीकडून उलटं भागून पाहिलं, निपाणीला एक दिवस विश्रांती घालून पाहिलं. कसाही भागाकार केला तरी मुक्काम एकाच जागी येऊन पडायचा: तुझ्या थोरल्या भावाच्या दारात. आता त्या खळ्यावर त्याने पत्र्याची शेड घातली आहे, काजू वाळवायची, आणि फेस्ताच्या दिवसांत चालणाऱ्यांना ती तो भाड्याने देतो. पुढे-मागे दुसरं छप्पर नाही.

"तू मुद्दाम आकडे बसवतोस," तू म्हणाला होतास.

मी आयुष्यभर कारखान्यात हिशेब तपासले. मला चोर म्हणालास तरी चाललं असतं. आकडे बसवतो म्हणालास. तो पूर्ण आठवडा मी तुझ्याशी बोललो नाही, आणि तुझ्या लक्षातही आलं नाही.

सरावाच्या चालण्यालाही तू असाच. पावसाळा संपला की रविवारी आपण मुंढव्यावरून हडपसरला निघायचो आणि सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरपर्यंत जायचो. हमरस्त्यावर चालता येतं हे तुला दाखवायचं होतं मला. तू तोंडाला रुमाल बांधून, प्रत्येक ट्रक गेला की माझ्याकडे बघून हात जोडायचास. येताना पीएमटीत बसायचास आणि घरी हेलनला सांगायचास, "जाऊन-येऊन चाललो." एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही. मी दर वेळी बजावायचो की एकामागे एक चालायचं, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची गाडी दिसते. तू ऐकायचास, शंभर पावलं मागे चालायचास आणि मग हळूच माझ्या शेजारी यायचास. नेहमी बाहेरच्या अंगाला, ट्रकच्या बाजूला. मी आत सरक म्हणालो की म्हणायचास, "तुझा विमा कमी आहे." माझा विमा तुझ्या दुप्पट होता. तू कागद पाहिले होतेस.

लोणीला त्या मिसळवाल्याच्या बाकावर मी एकदा सरळच विचारलं. म्हणालो, "पास्कल, हा सगळा वाद इनासचा आहे ना? भावाच्या दारावरून जायचं नाही म्हणून तू आम्हाला समुद्र फिरवतोयस."

तू रस्सा मागवलास. मग म्हणालास, "तिकडे डास फार आहेत."

डिसेंबरात! आंबोलीच्या माथ्यावर, डिसेंबरात डास! मी पैसे देऊन उठलो.

गोष्ट सगळ्या घराला माहीत होती. चोवीस वर्षांपूर्वी तुझं लग्न ठरलं तेव्हा इनासने निरोप धाडला होता: नगरकडची मुलगी करतोयस, तिकडं कोण कधी ख्रिस्ती झालं ते आम्हाला ठाऊक आहे, लग्न कर, पण तिला घेऊन आमचा उंबरा चढू नकोस. तुमचं घर पिढ्यान्पिढ्यांचं, पोर्तुगीज आडनावाचं. आमचं आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालेलं. एकाच वेदीसमोर गुडघे टेकायचे आणि पंगतीला मात्र जात विचारायची, ही आपल्या लोकांची जुनी पद्धत. त्या निरोपात हेलन होती, तशी तिची सख्खी बहीण रीटाही होती, आणि रीटाचा नवरा म्हणून मीही होतो. तू तो निरोप आम्हाला सांगितलास, लग्न केलंस, आणि पुन्हा त्या घरी गेला नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं. एखाद्याला धन्यवाद देणं आपल्या दोघांच्या बोलण्यात बसत नव्हतं, आणि तू समोर आलास की लगेच काहीतरी चुकीचं बोलायचास.

पण त्यापुढचं जे केलंस त्याला माझ्याकडे क्षमा नाही. तुझी आई गेली तेव्हा तू एकटा गेलास. हेलनने बॅग भरली होती. तू म्हणालास, सुट्टी मिळणार नाही, उगाच धावपळ, मी जाऊन येतो. दफनाला उभा राहिलास, आणि घरी न जाता त्याच दिवशी एसटी धरून परत आलास. "घरी का नाही गेलास?" तिने विचारलं. "वेळ नव्हता." एवढंच. तिच्या सासूची माती तिला तू दाखवली नाहीस, आणि तिने परत विचारलं नाही. तुला वाटलं, विषय संपला.

तो कसा संपला होता ते सांगतो. बैठकीच्या त्या रविवारी फादर गेल्यावर रीटाने कप उचलले, आणि हेलन मला म्हणाली, "दाजी, मला एकदाच त्या घराकडे बघायचंय. मला दारात उभं केलं तरी चालेल. पास्कल मला का नेत नव्हता ते कळतं मला."

"काय कळतं?"

"त्याला माझी लाज वाटत होती."

रीटा म्हणाली, "वेडी का गं तू?"

"मग सहा वर्षं समुद्राच्या कडेनं का जायचं होतं? भावाच्या दारावरून जायला त्याला लाज नव्हती. मला घेऊन जायला होती."

मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?" आणि इथे मी अडकलो. मला माहीत होतं. तुला तिची लाज वाटत असती तर तू आमच्या रांगेत येऊन बसलाच नसतास. पण पुरावा विचारला तर माझ्याकडे डासांखेरीज तुझं एकही विधान नव्हतं. चोवीस वर्षं बोलबोल बोललास, फादरांना हसवलंस, सगळ्या चर्चला रस्त्याला लावलंस, आणि ज्या बाईसाठी घर सोडलंस तिला ते सोडल्याचं कारण एकदा नीट सांगायला तुला जमलं नाही. तिने ते स्वतःच लावून घेतलं. उलटं लावलं. हे माझ्या डोक्यात बसलं की मला आजही झोप लागत नाही, आणि भांडायला तू नाहीस.

आपल्यात ठरलेलं होतं की चालायच्या आधी दोघांनी गाडीने जाऊन प्रत्येक मुक्काम डोळ्यांनी बघायचा. छप्पर, पाणी, संडास. आणि आगाऊ देऊन जागा पक्की करायची, कारण फोनवर ठरवलेल्या जागेत ऐन वेळी म्हैस बांधलेली निघते. दुसरा माणूस तू असणार होतास. दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो तेव्हा हेलन खाली गाडीपाशी उभी होती, पिशवी घेऊन. रीटाही आली. म्हणाली, "तुम्हा दोघांना एकटं सोडलं तर इनासच्या दारात तुम्ही भांडाल आणि ही रडेल. मी येते."

साताऱ्याची जागा बरी आहे. कराडची शाळा मिळाली. कोल्हापूरला चर्चच्या सभागृहात नळाला दिवसातून एकदाच पाणी येतं, ते लिहून घेतलं. उत्तूरपासून हेलन रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत होती.

तुझं घर मी मनात मोठं धरलं होतं. साधं आहे. समोर शेड, आत मशीनवर काजू फोडायचं काम चालू. एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला. चेहरा तुझाच, नुसता हसू काढून घेतलेला. मी म्हणालो, पुण्याहून आलो, फेस्ताला चालत जाणार, मुक्कामाचं बघायला आलोय.

"किती माणसं?"

"अकरा."

"माणशी अडीचशे. रातचं जेवाण, सकाळचा नाष्टा. गरम पाणी मिळणार न्हाई. आगाऊ पैसं द्यावं लागतील, लोक ठरवत्यात आन् येत न्हाईत."

रीतसर माणूस. मला आवडला, त्याचा राग आला असूनही. मी पाकीट काढणार तेवढ्यात हेलन पुढे झाली. पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊजी, मी हेलन. पास्कलची."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. शेडकडे तोंड करून ओरडला, "मशीन बंद करा!" मशीन थांबल्यावर तिथे इतकं शांत झालं की मला माझ्या बुटांचा आवाज यायला लागला. मग तो माझ्याशीच बोलला.

"त्याच्या मातीला येणार हुतो. पाय सुजला हुता."

मी त्याचा पाय पाहिला. चांगला होता. "आता बरा दिसतोय," मी म्हणालो.

"व्हय. उतरला."

रीटाने माझ्या कोपराला चिमटा काढला. पास्कल, तुमच्या घराण्यात खरं कारण सांगायची रीतच नाही का रे? एकाला डास, एकाला सूज. मला तिथे, त्या अंगणात, हसू येईल अशी भीती वाटली.

पण हेलन नगरची आहे. ती सरळ विचारते. "भाऊजी, आई गेल्या तेव्हा हे आले होते. एकटेच होते. मग घरात का नाही आले? मी तर नव्हते बरोबर."

तो ओट्यावर बसला. बराच वेळ गुडघ्यावरची काजूची फोलं झटकत राहिला.

"म्याच त्याला म्हनलं, पास्कू, चल, पेज पिऊन जा. आईच्या दिसाला उपाशी जाऊ नको." तुला तिकडे पास्कू म्हणतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. "तर म्हनला, दोघांना बोलवत असशील तर येतो. एकट्याला भूक न्हाई."

"मग?"

"मग काय. म्या गप बसलो. त्यानं एस्टी धरली."

"मला म्हणाले, वेळ नव्हता," हेलन म्हणाली.

"वेळ हुता की. एस्टी तासाभरानं हुती. तितं फाट्यावर उभा हुता तासभर. दिसत हुता हितनं."

हेलन डोळ्यांना पदर लावेल असं मला वाटलं होतं, तर तिने एकदम रीटाकडे वळून म्हटलं, "खोटारडा बघ कसा होता," आणि तिचा आवाज, तुला सांगतो, बाजारातून काहीतरी स्वस्तात मिळवून आलेल्या बाईसारखा होता. तासभर. ते तिने परत एकदा विचारलं. "तासभर उभे होते?" तो म्हणाला, व्हय, उनात.

मी तुझ्यावर किती चिडलो असेन ते तूच समज. ते एक वाक्य, 'एकट्याला भूक नाही', घरी येऊन बायकोला सांगायला काय पडलं होतं? तिला वाईट वाटेल म्हणून? पुन्हा तोच अपमान तिच्यासमोर उगाळायला नको म्हणून? तू तिला झाकत राहिलास आणि तिला वाटलं तू तिला लपवतोयस. आणि मी? मला नाही तर नाही, पण मिसळ खाताना, बाकावर, दोघंच असताना! मी तुला आजऱ्याच्या रस्त्यावर ओढत होतो ते हेलनसाठी, तिला एकदा तिचं सासर दिसावं म्हणून, आणि तू समुद्राकडे ओढत होतास तेही हेलनसाठी. आपण दोघं सहा वर्षं एकाच बाजूने भांडत होतो. हा हिशेब मला एकाही कागदावर बसवता येत नाही.

तेवढ्यात इनास उठला आणि म्हणाला, "आत बसा. ओट्यावर ऊन येतंय."

ऊन केव्हाच गेलं होतं. शेडचे दिवे लागले होते. मी ते बोलून दाखवणार होतो, पण रीटाची चिमटी अजून माझ्या कोपरावरच होती. हेलनने चपला काढल्या, त्या ओळीत नीट लावल्या, आणि आत गेली. उंबरा उंच आहे. तिचा गुडघा दुखतो, तिने चौकटीला हात धरला. तो बाजूला सरून उभा राहिला. एवढंच झालं. यापेक्षा जास्त काही झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. त्याने माफी मागितली नाही, आणि हेलननेही त्याला सगळं विसरले असं म्हटलं नाही. आम्ही चहा प्यायलो. तिने सासूची माती कुठे आहे ते विचारलं, त्याने चर्चच्या मागची जागा सांगितली, आणि म्हणाला की चालत याल तेव्हा सकाळी निघताना दाखवतो, तुमच्या वाटेवरच आहे.

मग मी अकरा जणांचे दोन हजार सातशे पन्नास मोजून त्याच्यापुढे ठेवले. त्याने परत मोजले. दोनदा. अडीचशे बाजूला काढून माझ्याकडे सरकवले.

"अकरा जण आहेत," मी म्हणालो.

"धा."

"अकरा. मी नावं वाचून दाखवतो."

"वाचा की. दीर भावजयीकडनं जेवणाचं पैसं घेतो व्हय?"

मी म्हणालो, वर्गणी सगळ्यांची समान असते, एकाला सूट दिली तर बाकीचे विचारतील. तो म्हणाला, विचारू देत. मी नोटा पुन्हा पुढे केल्या, त्याने पुन्हा मागे ढकलल्या, आणि हेलन म्हणाली, "दाजी, ठेवा ते खिशात."

ठेवले. मुक्काम आजऱ्यापुढे, आंबोलीच्या रस्त्यावर, एक रात्र. अडीच हजार रुपये, दहा जणांचे, रोख. तुझ्या भावाला दिले.